लाल पलटण: अस्तर कोणतं, रंग कोणते, आणि हायलाइट गुलाबी होऊ नये म्हणून काय करावं?

कवचधारी:
पटावरच्या युद्धखेळासाठी २८ मिमीच्या प्लास्टिकच्या छोट्या मूर्तींची पलटण रंगवायची आहे, रंग सिटाडेलचे. ४० पायदळ शिपाई, ३ गाड्या, १ सेनापती. चिलखत उजळ लाल हवं, विटकरी नको. काळ्या प्रायमरवर, म्हणजे अस्तरावर, मेफिस्टन रेड या लाल रंगाचे तीन हात दिले तरी कुठे झाकतो, कुठे खालचा काळा दिसतोच. ॲग्रॅक्स अर्थशेड (तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साचून सावली देणारा पातळ रंग) सगळीकडे फिरवला की सपाट भाग मळतात. हायलाइटसाठी, म्हणजे कडा-उंचवटे उजळायला, पांढरा मिसळला तर गुलाबी होतो. एअरब्रश नाही, स्प्रेचे डबे आणि ब्रश आहेत. काँट्रास्ट रंग (एकाच हातात रंग आणि सावली देणारे पातळ रंग) घ्यावेत का? आणि गाड्यांचा व शिपायांचा लाल एकसारखा कसा ठेवायचा?

अस्तरवाला:
यात ब्रश किंवा हात दोषी नाही, लाल रंगद्रव्यच तसं असतं. उजळ लाल बहुतेक नॅफ्थॉल किंवा पायरोल जातीच्या सेंद्रिय रंगद्रव्यांतून येतो आणि त्यांची झाकण्याची ताकद गेरू किंवा टायटॅनियमच्या पांढऱ्याइतकी नसते. पायरोल त्यातल्या त्यात बरं झाकतो. बाटलीवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर पीआर २५४ म्हणजे पायरोल. प्रकाश लाल थरातून खाली जातो आणि अस्तरावरून परत येतो, त्यामुळे अर्धा रंग अस्तरच ठरवतं. काळ्यावर लाल विझतो. पांढऱ्यावर तो झगझगीत दिसतो, पण ब्रश न पोहोचलेली प्रत्येक खाच उघडी पडते.

एअरब्रश नसेल तर सरळ मेफिस्टन रेडचाच स्प्रे घ्या. डबा २ मिनिटं हलवा, २५-३० सेंमी अंतर ठेवा, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एकदम भिजवू नका, चारही बाजूंनी हलके फवारे द्या. हवा दमट असेल तर थांबा, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा प्रत्येक वॉश त्या खरखरीत अडकतो.

त्यानंतर:

१. कॅरोबर्ग क्रिमसन (गडद लाल वॉश) फक्त खाचांत, ० नंबरच्या टोकदार ब्रशने. बाहेर सांडला तर ओला असतानाच स्वच्छ ओलसर ब्रशने टिपून घ्या. सुकायला निदान अर्धा तास द्या, नाहीतर पुढचा हात त्याला उचलून आणतो.

२. सपाट भागांवर पुन्हा मेफिस्टन रेड. दोन भाग रंग, एक भाग पाणी, दोन पातळ हात. खाच तशीच सोडायची.

३. वरून उजेड पडेल अशा जागी, म्हणजे खांदे, गुडघे, शिरस्त्राणाचा माथा, इव्हिल सन्झ स्कार्लेट (उजळ लाल).

४. कडांना वाइल्ड रायडर रेड (नारिंगीकडे झुकणारा लाल). ब्रशचं टोक नाही, त्याची बाजू कडेवर टेकवून ओढा.

५. अगदी कोपऱ्यांवर फायर ड्रॅगन ब्राइट या नारिंगीचा ठिपका. तेवढाच.

पांढरा कुठेही नको. लाल उजळायचा तर नारिंगीकडे न्यायचा. तसंच गडद करायला काळाही नको, त्याने रंग मरतो. ऱ्हायनॉक्स हाइड (गडद तपकिरी) किंवा चिमूटभर गडद हिरवा मिसळा. हिरवा हा लालाचा विरोधी रंग, त्यामुळे सावली खोल होते आणि तरी लालाच्या घरातच राहते.

खाचखळगे:
वरच्या पद्धतीशी सहमत, पण ४० शिपायांना पाचही पायऱ्या देऊ नका. पायदळाला १, २ आणि ४ पुरेत. जास्तीची मेहनत राखून ठेवा ती सेनापतीसाठी.

काँट्रास्टबद्दल. ब्लड एंजल्स रेड हा रेथबोनसारख्या फिकट अस्तरावर छान उजळ बसतो, फ्लेश टेअरर्स रेड बराच गडद. कापड, पिसं, केस, फर अशा दाट पोताच्या जागी हे रंग जिंकतात. गुळगुळीत चिलखतावर मात्र ते मधे विरळ होतात आणि खालच्या कडेला थारोळं करतात. थारोळं झालं तर लगेच कोरड्या ब्रशने शोषून घ्या. अर्धवट सुकलेल्या थराला पुन्हा हात लावला की चट्टा पडलाच. शिवाय काँट्रास्ट हाताळताना कडांवरून घासला जातो, त्यामुळे वार्निशशिवाय पटावर उतरवू नका.

गाडीवर काँट्रास्ट अजिबात नको, एवढ्या मोठ्या सपाट पत्र्यावर तो एकसारखा बसत नाही. आणि शिपाई काँट्रास्टचे, गाड्या थरांच्या, असं केलं तर दोन वेगळ्या सैन्यांसारखं दिसतं. दोघांनाही एकच स्प्रे, हेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर.

गाडीसाठी क्रम बदला. स्प्रे, मग ग्लॉस वार्निश, मग सांध्यांत वॉश. चकचकीत पृष्ठभागावर वॉश खाचेतून आपोआप धावतो, सपाट पत्र्यावर डाग सोडत नाही. डिकलही (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) याच ग्लॉसवर लावा. खाली मायक्रो सेट (डिकल चिकटायला मदत करणारं द्रव), बसल्यावर वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रव). सोल लावल्यावर डिकल सुरकुततं, तेव्हा बोट लावू नका, सुकताना ते स्वतःच चापून बसतं. खरखरीत मॅटवर डिकल लावलं तर खाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी कडा दिसते. कडांसाठी फाटक्या स्पंजचा तुकडा इव्हिल सन्झमध्ये बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि वरच्या कडांवर टिपत जा.

पातळहात:
एक मुद्दा राहिला, शेवटचं वार्निश. पूर्ण मॅट मारलं की पृष्ठभाग प्रकाश विखुरतो आणि लाल राखाडल्यासारखा वाटतो. गडद लालात हे जास्त जाणवतं. चिलखताला सॅटिन द्या, कापड आणि चामड्याला हवं तर ब्रशने मॅट.

बाकी रंग लालाशी भांडणारे नकोत. शस्त्रांचा काळा निळसर राखाडीने उजळा, म्हणजे लाल आणखी तापलेला दिसतो. डोळ्यांच्या काचा हिरव्या करा: गडद हिरवा, खालच्या कोपऱ्यात उजळ हिरवा, वरच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका. सोनेरी भागांना राइकलँड फ्लेशशेड (लालसर तपकिरी वॉश). तळ लालसर मातीचा करू नका, पाय त्यात हरवतात, राखाडी दगड किंवा फिकट वाळू घ्या.

एका वेळी आठ शिपायांहून मोठा गट घेऊ नका. पहिला शिपाई पूर्ण करून समोर ठेवा आणि मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवा. नंतर आठवून मिसळलेला लाल कधीच जुळत नाही.

कवचधारी:
स्प्रे आणि सॅटिन ठरलं. आधीच काळा प्रायमर मारलेले शिपाई आहेत, ते धुवून काढावे लागतील का?

अस्तरवाला:
नाही. प्रायमर पातळ आणि गुळगुळीत असेल तर त्यावरच मेफिस्टन रेडचा स्प्रे द्या, दोन हलके हात, मधे १५ मिनिटं. तपशील बुजत असतील तर स्प्रे टाळा आणि ब्रशने ऱ्हायनॉक्स हाइड व मेफिस्टन रेड समप्रमाणात मिसळून एक हात द्या. तपकिरी चांगलं झाकतो, त्यावर मेफिस्टनचे दोन पातळ हात पुरतात. एक मात्र बघा: काळ्या अस्तराचे हे शिपाई थेट लाल स्प्रे मारलेल्यांपेक्षा किंचित गडद राहतील. त्यांना पायरी ३ सुद्धा द्या आणि सगळे एकाच तुकडीत ठेवा.