अली की टायसन? सोसायटीच्या ग्रुपवरची रात्रीची चर्चा

दादा (बी-३०१): परवा गच्चीवर भरीत पार्टीत बॉक्सिंगचा विषय निघाला, मुहम्मद अली भारी की माइक टायसन, आणि वांगी भाजण्याच्या गडबडीत अर्धाच राहिला, म्हणून इथं टाकतोय. माझं म्हणणं तेच आहे. १९८८ चा टायसन कोणत्याही काळातला कोणताही चॅम्पियन आणा, चार राउंडच्या आत झोपवतो. मायकेल स्पिंक्स तोपर्यंत एकही फाइट हरला नव्हता, त्याला ९१ सेकंदात संपवला. आणि अलीचं म्हणाल तर, अलीला १९८१ ला ट्रेव्हर बर्बिकने हरवलं, त्याच बर्बिकला टायसनने १९८६ ला दुसऱ्या राउंडमध्ये आडवा केला, वय फक्त २०. हिशोब सरळ आहे ना भो

आप्पा (ए-१०४): दादा हा हिशोब इथंच चुकतो. बर्बिकसमोर उभा होता तो अली ३९ वर्षांचा होता, हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं, ती फाइट व्हायलाच नको होती. जत्रेतल्या दंगलीत जोड लावणारे आधी काय बघतात, वजन आणि वय. ते न बघता जोड लावली तर लोक आखाड्यातच ओरडतात. मग इथं का नाही? १९८८ चा टायसन घ्यायचा तर अली १९६६ चा घ्या, क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये संपवला तो. वय २४, अंगात वारं, तीन पावलं मागे जाताजाता चार ठोसे मारायचा. पुढच्याच वर्षी फौजेत जायला नकार दिला म्हणून चॅम्पियनचा बेल्ट काढून घेतला, लायसन्स गेलं, साडेतीन वर्षं रिंगबाहेर. अंगात सगळ्यात जास्त दम असतो तीच वर्षं गेली त्याची. परत आला तो अली वेगळा होता, पाय जड झालेले, पण डोकं आणखी तल्लख. म्हणून नुसतं अली म्हणू नका, कोणत्या सालचा ते सांगा

सेक्रेटरी: मंडळी टँकर उद्या सकाळी ७ ला येणार आहे, गेटसमोरच्या गाड्या काढून ठेवा. बाकी चालू द्या.

नाना (ए-४०३): आयक रे भाऊ, मना साधा सवाल शे. पंधरा राउंड का बारा? आधी ते ठरवा मंग बोला. १९८२ ले कोरियाना किम डुक-कू मॅन्सिनी संगे लढता लढता पडना आनि मरी गया, त्यानानंतर पंधराना बारा व्हयनात. बॉक्सर फ्रेझरनी अलीले १९७१ मा पाडं ते पंधराव्या राउंडमा. बारा राउंडनी फाइट ऱ्हाती ते तो ठोसा व्हताच नई.

आप्पा (ए-१०४): नानांचा मुद्दा लाखाचा. टायसन सगळा खेळ आधीच्या पाच-सहा राउंडमध्ये करायचा. बोनक्रशर स्मिथने १९८७ ला त्याला बारा राउंड नुसता मिठी मारून धरून ठेवला, टायसन पॉइंटवर जिंकला पण त्याला काही करता येईना. स्मिथला फक्त धरणं जमत होतं, अलीला धरणंही जमायचं आणि मारणंही. १९७४ ची फ्रेझरबरोबरची दुसरी फाइट बघा, फ्रेझर आत घुसला की अली त्याची मान डाव्या हाताने खाली दाबून धरायचा, रेफरी सोडवेपर्यंत. बुटक्या आणि आत घुसणाऱ्या माणसाचा दम असाच काढतात.

ताई (बी-२०२): मी मध्येच बोलते, माझी मुलगी बॉक्सिंग शिकते म्हणून या जुन्या फाइट आम्ही दोघी बसून बघतो. आप्पा तुम्ही अलीचं सगळं चांगलंच सांगताय पण डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवून मारलेला ठोसा, विसरलात. १९६३ ला हेन्री कूपरने डाव्या हुकने पाडला, १९७१ ला फ्रेझरने डाव्या हुकने पाडला. कारण पण आहे त्याला. अली उजव्या हाताने अप्परकट, म्हणजे खालून वर ठोसा, मारायला गेला की तो हात हनुवटीवरून खाली यायचा, फ्रेझरच्या कॉर्नरमधल्या ट्रेनर एडी फचने हे हेरून ठेवलं होतं. स्लो करून बघा, हात खाली येतो आणि त्याच क्षणी तिकडून हुक सुटलेला असतो. आता टायसनचा डावा हुक फ्रेझरपेक्षा कमी होता का? मला नाही वाटत. आणि टायसनचे दोन्ही हात चालायचे, फ्रेझरचा मुख्य भरवसा डाव्यावर. म्हणून पहिले चार राउंड अलीला फार भारी जातील असं माझं स्पष्ट मत आहे

दादा (बी-३०१): ताई 🙏🙏 हेच सांगू राहिलो मी परवापासून

काका (सी-१०१): तुम्ही सगळे मार्सियानोला विसरले. ४९ फाइट, ४९ जिंकल्या, त्यातल्या ४३ नॉकआउट, आणि तसाच रिटायर झाला १९५६ ला. हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाच्या, चॅम्पियनमध्ये असा स्वच्छ रेकॉर्ड दुसऱ्याचा दाखवा. आणि अली-मार्सियानो तर लावून पण झालंय. १९६९ ला दोघांना स्टुडिओत बोलावून खोटी खोटी फाइट शूट केली, निकाल कॉम्प्युटरने काढला, १९७० ला थिएटरात दाखवली, त्यात तेराव्या राउंडला मार्सियानो जिंकला.

आप्पा (ए-१०४): काका तो निकाल अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी होता, बाहेर अली जिंकलेला शेवटही दाखवला गेला. मग कॉम्प्युटरचं काय ऐकायचं? मला त्या शूटिंगचं वेगळंच वाटतं. मार्सियानो १३ वर्षांपूर्वी रिटायर झालेला, त्यासाठी कितीतरी वजन उतरवलं, डोक्याला केसांचा टोप लावून उभा राहिला, आणि फिल्म थिएटरात लागायच्या आधीच, ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात गेला. आपण काय निकाल दिला हे त्याला बघायलाच मिळालं नाही. माणूस मोठाच होता. पण काका वजन बघा, साधारण ८४ किलो. आज तो हेवीवेटमध्ये मोडलाच नसता, खालच्या क्रूझरवेट गटाची मर्यादाच ९०.७ किलो आहे. १९५१ ला त्याने जुना चॅम्पियन जो लुई याला आठव्या राउंडला पाडलं तेव्हा लुई ३७ चा होता. ज्या लुईने २५ वेळा बेल्ट राखला, १९३८ ला श्मेलिंगला पहिल्याच राउंडला संपवलं, त्या लुईसमोर मार्सियानो कसा टिकला असता मला सांगा

भाचा (सी-१०१): मामाच्या फोनवरून लिहितोय. वजन-उंचीवर जाल तर मग आजच्या हेवीवेटमधला उसिक फ्युरीविरुद्ध कसा जिंकला? फ्युरी ६ फूट ९ इंच, उसिक ६ फूट ३, वजनात जवळपास १७ किलोचा फरक, तरी मे २०२४ ला हरवलं आणि डिसेंबरला परत हरवलं. तो पण क्रूझरवेटमधूनच वर आलेला. माझ्या मते आजचा उसिक जुन्यातल्या कोणालाही त्रास देईल, डावखुरा आहे, पाय थांबत नाहीत त्याचे

आप्पा (ए-१०४): बरोबर बोललास, आणि म्हणूनच या विषयात मला एवढा रस आहे. इथं अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ मोठा असं चालतच नाही. फ्रेझरने अलीला हरवलं. त्या फ्रेझरला १९७३ ला किंग्स्टनला फोरमनने दोन राउंडात सहा वेळा पाडलं. नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, त्या नॉर्टनला पण फोरमनने दुसऱ्या राउंडला संपवलं. या हिशोबाने फोरमनसमोर अलीचं काय व्हायला पाहिजे होतं? सगळं जग तेच म्हणत होतं. आणि ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात, पहाटे चारच्या सुमारास, अली सात राउंड दोऱ्यांना टेकून मार खात राहिला, फोरमनचे हात जड झाले आणि आठव्याला पाडला. फोरमन गोल फिरत खाली जात होता तेव्हा अलीचा उजवा हात पुढच्या ठोशाला तयार होता पण त्याने मारला नाही, पडणाऱ्या माणसाला पडू दिलं. ते दृश्य मी कितीही वेळा बघू शकतो. तर कोण कोणाला कसा पडतो, त्याची स्टाइल याला झेपते का, हे बघायचं.

म्हणून माझा निकाल, १९६६ चा अली, १९८८ चा टायसन, पंधरा राउंड. ताई म्हणतात तसे पहिले चार अवघड, एकदा खाली पण जाईल, उठेल, कारण तो उठायचाच. सातव्यानंतर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लागत राहील आणि अकरा-बाराच्या आसपास रेफरी थांबवेल.

नाना (ए-४०३): आनि बारा राउंडनी ऱ्हायनी ते?

आप्पा (ए-१०४): तरी अलीच, पण पॉइंटवर, आणि घासून. आणि आता दादा चिडेल पण १९७३ चा फोरमन विरुद्ध १९८८ चा टायसन मी दुसऱ्या राउंडमध्ये फोरमनला देतो. खाली वाकून आत येणाऱ्याला अप्परकट कसा मारायचा हे त्याने फ्रेझरवर दाखवलंय

दादा (बी-३०१): अलीचं एकवेळ मानतो, हे नाही मानणार आप्पा. फ्रेझर एकाच तालात डुलत यायचा, फोरमनला तो ताल सापडला. टायसनचं डोकं कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि आत आला की एक मारून थांबत नाही, बरगडीत एक आणि लगेच वर एक. फोरमनचे ठोसे लांबून फिरून यायचे, तेवढ्यात टायसनचे दोन लागलेले असतील. आणि टायसन '८८ पर्यंतचाच धरा, त्याच वर्षी कोच केव्हिन रूनीला काढलं आणि तिथून डोकं हलवणं कमी कमी होत गेलं, १९९० ला टोकियोत डग्लसकडून हरला तेव्हा तर उभाच राहिला होता सरळ. रविवारी दोन्ही फाइट माझ्या टीव्हीवर लावतो, किंग्स्टनची आणि स्पिंक्सची, तुम्ही या, नानांना पण आणा, थांबवून थांबवून बघू

ताई (बी-२०२): आम्ही दोघी पण येतो. मी अजून तरी या जोडीत फोरमनकडे आहे