वाड्यातलं संग्रहालय नीट कसं बघावं? (पुणे, तीस जणांचा गट)

वाचनवेल

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातर्फे डिसेंबरात तीस जणांचा गट पुण्याला जाणार आहे. विषय एकच ठेवलाय: एके काळची राहती घरं, जी आज स्मारक किंवा संग्रहालय झाली आहेत. महात्मा फुले वाडा, विश्रामबागवाडा आणि केसरीवाडा अशी यादी आहे. गटात सत्तरी ओलांडलेले आठ जण आहेत आणि नववीतली सहा मुलं.

प्रत्येक ठिकाणी माहिती सांगणारं कोणी भेटेलच असं नाही, म्हणून टिपण मीच काढतोय. अशा ठिकाणी लोक काचेच्या कपाटांपुढून रांगेने सरकतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. घर बघायचं राहूनच जातं. तर वाड्यात उभं राहून लोकांना नेमकं काय दाखवावं? मूळचं कुठलं आणि मागाहून बसवलेलं कुठलं, हे कशावरून ओळखायचं? ज्येष्ठांना माडीवर न्यावं की नाही? आणि हे तिन्ही एका दिवसात होतील का?

तळखडा

कपाटांकडे शेवटी जा, आधी घर बघा. पहिली पंधरा मिनिटं कोणीही पाटी वाचायची नाही, असं गटाला आधीच सांगून ठेवा.

सुरुवात दारात. मोठ्या दाराच्या एका फळीत छोटी दिंडी असते. तिथून आत शिरताना वाकावं लागतं आणि एका वेळी एकच माणूस आत येतो, ती तशी ठेवण्यामागचं कारण हेच. दाराच्या मागे दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोकं दिसली तर ती अडसराची. त्यातलं एक खोल असतं, कारण दार उघडं असताना अख्खा अडसर भिंतीत सरकवून ठेवायचे. मुलांना त्या भोकाची खोली हाताने मापायला सांगा, भिंत किती जाड आहे ते आपोआप कळतं. आत आल्यावर दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. त्यानंतर चौक.

चौकात मधोमध उभं राहून खांबांच्या पायाशी बघा. लाकडी खांब थेट जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. लाकडाचं कापलेलं टोक ओल सर्वांत जास्त ओढतं, म्हणून ते दगडावर उचलून ठेवायचं. मग नजर वर न्या: खांब, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर आणि त्यावर वरच्या मजल्याची जमीन. हा कडीपाट. वरच्या मजल्यांचा भार बहुतांशी हा लाकडी सांगाडाच पेलतो, मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या असतात. म्हणूनच जुन्या वाड्यांना आग लागली की जोत्याचे दगड तेवढे मागे राहतात.

आता मूळचं आणि नंतरचं. विश्रामबागवाडा या बाबतीत फार चांगला धडा आहे. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा १८०७ मध्ये पुरा झाला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत त्याचा दर्शनी भाग जळाला आणि लोकवर्गणीतून तो पुन्हा उभा राहिला. तेव्हा ते सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि लाकडात कोरलेली केळफुलं दाखवताना 'हे सगळं पेशव्यांच्या वेळचं' असं सरसकट सांगू नका. जळालेला भाग लोकांनी पैसे जमवून पुन्हा उभा केला, हाही त्या वाड्याचाच इतिहास आहे आणि तो सांगायलाच हवा.

कोणत्याही वाड्यात चालतील अशा खुणा सांगतो.

लाकूड. हाताने तासलेल्या कडीवर वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) उथळ, कमीजास्त लांबीचे घाव दिसतात. यंत्राच्या गोल करवतीने चिरलेल्या लाकडावर एकसारख्या कमानदार रेघा असतात. उजेड बाजूने तिरपा पडला तरच हे दिसतं, समोरून बॅटरी मारली तर काहीच कळत नाही.

खिळे. चौकोनी, ओबडधोबड डोक्याचा खिळा लोहाराने ठोकलेला. गोल डोकं आणि गोल दांडी असेल तर तो तारेचा, म्हणजे अलीकडचा.

छप्पर. वर चपटी मंगळुरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ च्या आधीचं असू शकत नाही, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. घर मात्र त्याहून जुनं असू शकतं. पुष्कळ घरांची नळीची कौलं काढून मंगळुरी चढवली गेली. कड्यांच्या मध्येच एखादी लोखंडी तुळई दिसली तर तीही दुरुस्तीचीच समजा.

भिंत. खालच्या तीन-चार फुटांत पांढरी पावडर सुटलेली आणि पोपडे निघालेले दिसले तर तिथे लोणा लागलाय. अशा भिंतीला बहुतेकदा सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडून वाळते. सिमेंट तिला अडवतं, मग ती वर चढते किंवा शेजारच्या चुन्यातून बाहेर येते आणि क्षार तिथेच साचतात. भिंत वाचवायला लावलेलं सिमेंट तिलाच खातं, हे लोकांना समोर दिसायला हवं.

नदीकाठ

वर बांधकामाचं छान आलंय. मी जाण्या-येण्याचं सांगते.

तिन्ही एका दिवसात होतात, पण चौथं काही घालू नका. केळकर संग्रहालय वाटेतच पडतं, म्हणून मोह होतो. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस लागतो. सकाळी फुले वाडा (गंज पेठ), मग विश्रामबाग, दुपारी केसरीवाडा. शेवटची दोन चालत होतात. मोठी बस पेठांच्या गल्ल्यांत नेण्याच्या भरीस पडू नका, रुंद रस्त्यावर उतरून चाला आणि ज्येष्ठांसाठी रिक्षा करा.

तारखा सांभाळा. फुले वाड्यात २८ नोव्हेंबर, ३ जानेवारी आणि ११ एप्रिलला अभिवादनाला प्रचंड गर्दी असते. त्या गर्दीत सामील व्हायचं असेल तर जरूर जा, घर बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. केसरीवाड्यात मानाचा पाचवा गणपती बसतो, त्यामुळे गणेशोत्सवात तिथे संग्रहालय शांतपणे बघणं अशक्य. डिसेंबरात तुम्हाला यातली कुठलीच अडचण नाही.

आठवडाभर आधी फोन करा आणि नुसतं 'चालू आहे का' एवढंच विचारू नका. साप्ताहिक सुट्टी कोणती, दुपारी बंद असतं का, सध्या कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे, माडी खुली आहे का, गटासाठी पत्र लागतं का, फोटो चालतात का, स्वच्छतागृह आहे का, हे सगळं विचारा. विश्रामबागेत दुरुस्तीमुळे काही भाग बंद असण्याची शक्यता नेहमीच धरून चाला.

तीस जण एकदम आत नेऊ नका. दहा-दहाचे तीन गट करा. एक खाली चौकात, एक माडीवर, एक बाहेर बसून. लाकडी मजल्यावर लोक खोलीच्या मधोमध घोळका करतात आणि तिथेच कड्या सर्वांत जास्त वाकतात. भिंतीच्या कडेने पसरून उभं राहायला सांगा. मुलांनी वर धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. पाठीवरची सॅक पुढे, छातीवर घ्यायची. अरुंद जिन्यात भिंतीचा गिलावा आणि रंगकाम खरवडलं जातं ते नेमकं सॅकमुळे.

ज्येष्ठांबद्दल. वाड्याचा जिना पुष्कळदा भिंतीच्या जाडीतच काढलेला असतो: अंधारा, जेमतेम दोन फूट रुंद. पायरीची उंची नऊ-दहा इंचांपर्यंत जाते, आजच्या इमारतीत ती सहा-सात असते. पाऊल ठेवायची जागाही कमी. वर चढणं जमतं, पंचाईत उतरताना होते. खूप उभा जिना असेल तर शिडी उतरतो तसं, तोंड पायऱ्यांकडे करून उतरायचं, एक हात कठड्याला आणि खाली एक जण आधाराला. वरच्या तोंडाशी झडप असते, तिथे डोकं आपटतं. बायफोकल चष्मा असलेल्यांना उतरताना पायरी धूसर दिसते, त्यांना विशेष सांगा. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना खालीच थांबवा आणि 'थोडं वर येऊन बघा ना' असा आग्रह कोणी धरू नये. चौक, ओसरी, स्वयंपाकघर, विहीर यात बघण्यासारखं माडीपेक्षा कमी नसतं.

फुले वाड्यात तर मुख्य गोष्टी जमिनीवरच आहेत. जोतीरावांनी १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. त्या अंगणात उभं राहून हे सांगितलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. मागे तुळशी वृंदावन आहे, ती त्यांची समाधी. तिथे बोलणं थांबवून दोन मिनिटं द्या.

वाचनवेल

दोघांचेही मनापासून आभार. दहाचे गट आणि 'आधी घर, मग कपाटं' हे दोन्ही तसंच घेतो. आता वस्तूंबद्दल. मांडलेल्या वस्तू त्याच घरातल्या आहेत की बाहेरून आणलेल्या, हे कसं कळावं? आणि फ्लॅश का नको, हे मुलांना पटेल असं कसं सांगू?

चिरेबंद

वस्तू तीन प्रकारच्या असतात: त्याच घरात वापरलेल्या, त्या काळातल्या पण बाहेरून जमवलेल्या, आणि प्रतिकृती. चांगल्या संग्रहालयात पाटीवर तसं लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला सरळ विचारा, 'ही वस्तू या घरातलीच का?' लोक हे विचारत नाहीत, म्हणून पाट्याही सुधारत नाहीत.

काही गोष्टी स्वतःलाही ताडता येतात. पेशवाई दिवाणखाना म्हणून मांडलेल्या खोलीत रविवर्म्याच्या छापील तसबिरी असतील तर त्या १८९४ नंतरच्या, कारण त्याचा छापखाना त्या वर्षी निघाला. रॉकेलचा कंदीलही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. यात फसवणूक असतेच असं नाही. घरात माणसं शंभर-दीडशे वर्षं राहत होती आणि वस्तू थरावर थर साचत गेल्या. चूक होते ती सगळ्याला एकच साल चिकटवल्यामुळे.

जी खूण बाहेरून आणता येत नाही ती शोधा. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत वर बघा. कड्या काजळीने काळ्या आणि किंचित चकाकणाऱ्या असतील तर तिथे खरंच वर्षानुवर्षं चूल पेटत होती. कड्या स्वच्छ असतील तर एक तर त्या बदलल्यात किंवा चूल शोभेला मांडलीय. तुळईतली लोखंडी कडी बघा, ती पाळण्याची किंवा झोपाळ्याची. तिच्या आतल्या बाजूला झिजून खाच पडलेली असते. जमिनीत बसवलेलं उखळ, मधोमध झिजलेला उंबरा, भिंतीतलं बळद (धान्य साठवायची पोकळी), दिवळीच्या, म्हणजे दिव्याच्या कोनाड्याच्या, वरचा काजळीचा जिभेसारखा डाग, या सगळ्या घराच्या स्वतःच्या खुणा. जातं मांडलेलं असेल तर दोन दगडांच्या मधल्या फटीत वाकून बघा. टाकीचे (छिन्नीचे) घाव ताजे असतील तर ते दळायला तयार होतं, गुळगुळीत झालं असेल तर खूप वापरून टाकी लावायची राहिलेली.

फ्लॅशबद्दल मुलांना असं सांगा: कापड, कागद आणि रंग यांना उजेडाने होणारी इजा साठत जाते आणि भरून येत नाही. खोली अंधारात ठेवली म्हणून उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच उजेड ठेवण्याचा संकेत आहे, आणि त्या मंद उजेडाला डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात. एका फ्लॅशने फार काही होत नाही हे खरं आहे, मुलांपासून ते लपवू नका. पण एकाने मारला की मागचे सगळे मारतात, आणि झगझगाटाने इतरांचे सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात. खोलीच्या बंद झडपा 'उजेड येऊ दे' म्हणून उघडायच्या नाहीत, त्याही याचसाठी मिटलेल्या असतात. पितळेला, तांब्याला बोट लावलं तर घामातल्या क्षारांनी ठसा धातूवर कोरला जातो आणि पुढे घासूनही जात नाही.

पुढची सहल कोकणात काढणार असाल तर हे टिपण जसंच्या तसं वापरू नका. रत्नागिरीचं टिळकांचं जन्मस्थान किंवा गणपतीपुळ्याजवळ मालगुंडचं केशवसुतांचं घर बघताना देशावरच्या वाड्याची मापं लागत नाहीत. तिथे चौक आणि दिंडी शोधू नका. खळं (पुढचं अंगण), पडवी, ओटी, माजघर असं घर पुढून मागे उलगडतं. भिंत जांभ्याची आणि छप्पर उतरतं, कारण पाऊस. नळीच्या कौलांची शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणं, दरवर्षी पावसाआधी करावी लागते. एक वर्ष चुकली की पाणी वाशांत उतरतं, आणि वासा आतून कुजलेला बाहेरून कळत नाही. जमीन सारवलेली असेल तर ओल्या पायांनी आणि टाचांच्या चपलांनी आत जायचं नाही, पोपडा उचलला जातो आणि त्या जागी पुन्हा सारवावं लागतं.

तळखडा

चिरेबंद यांच्या काजळीच्या खुणेला एक जोड. काही ठिकाणी दुरुस्ती करताना जुन्या कड्या वापरून दुसऱ्याच खोलीचा कडीपाट बांधतात. त्यामुळे एकच कडी काळी आणि शेजारच्या चार गोऱ्या असं दिसलं तर ती चूल तिथली नव्हे. सलग सगळ्या काळ्या असतील आणि काळेपणा एका कोपऱ्याकडे गडद होत गेला असेल, तरच चुलीची जागा पक्की.

केसरीवाड्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हा मूळचा गायकवाडवाडा, टिळकांनी तो १९०५ मध्ये घेतला. म्हणजे हे एकाच वेळी राहतं घर आणि वृत्तपत्राची कचेरी होतं, आणि बघताना तेच डोक्यात ठेवा: घर कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं. मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला फडकवलेला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झेंडा तिथे आहे. त्याच्यापुढे गर्दी होते, म्हणून गटातल्या पहिल्या दहांना आधी तिकडे न्या आणि बाकीच्यांना अंगणात थांबवा.

नदीकाठ

आणि प्रत्येक ठिकाणी बाहेर पडताना अभिप्राय वहीत दोन ओळी लिहायला लावा. 'छान आहे' नको. कुठली पाटी वाचता आली नाही, कुठे बसायला जागा हवी होती, कुठल्या पायरीशी कठडा नव्हता, असं नेमकं. मुलांकडे एक-एक खोली सोपवा, म्हणजे तीही बारकाईने बघतील.

वाचनवेल

ठरलं. मुलांच्या हाती खिळे, कड्या, उंबरा, काजळी, लोणा अशी पाच गोष्टींची चिठ्ठी देतो आणि तिन्ही वाड्यांत त्या कुठे दिसल्या ते लिहायला सांगतो. फोन सोमवारी करतो, काही वेगळं कळलं तर इथेच टाकतो.