मदत हवी आहे: बर्फ कारखान्यातला अमोनिया आणि मास्कची कार्ट्रिज

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ रत्नागिरीकडच्या एका बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर ऑपरेटर आहे. मध्यंतरी तिथे व्हॉल्व्हमधून थोडा अमोनिया गळला. कुणाला इजा झाली नाही, पण भिंतीवरच्या मास्कना तपकिरी पट्ट्याची कार्ट्रिज आहेत हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

युरोपीय मानकात तपकिरी म्हणजे 'ए' प्रकार, थिनरसारख्या सेंद्रिय वाफांसाठी. आत असतो सक्रिय कोळसा. एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या घरात जातो, त्यामुळे तो सगळंच शोषून घेईल असं वाटतं. पण अमोनियाचा रेणू लहान आणि उत्कलनबिंदू उणे ३३ अंश, म्हणून नुसत्या कोळशात तो फारसा टिकत नाही. त्याला धरून ठेवणारी रसायनं कोळशावर चढवलेली असावी लागतात. तो हिरव्या पट्ट्याचा 'के' प्रकार. मालक बदलायला तयार आहेत.

आता विचारायचं ते हे. कोकणातल्या दमट हवेत सील फोडलेलं कार्ट्रिज किती भरवशाचं? आणि ज्यांच्यावरच्या कामाला २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या धातू-सेंद्रिय जाळ्यांची, म्हणजे 'मॉफ' या सच्छिद्र पदार्थांची कार्ट्रिज घेता येतील का? एचकेयूएसटी-१ नावाचं तांब्याचं मॉफ अमोनिया भरपूर शोषतं, पण ओलाव्यात त्याची रचना ढासळते असं वाचलं.

प्रतिसाद १
हिरवी आजच मागवा, आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्या. अमोनिया आधी डोळ्यांना लागतो. सील फोडलेलं कार्ट्रिज पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. न फोडलेल्यावरची मुदत तपासत राहा. मात्र हे बाहेर पडण्यापुरतं. ३०० पीपीएमपासून (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया) पुढे जिवाला धोका धरतात. गळती बंद करायला आत जायचं तर पाठीवर हवेचं सिलिंडर असलेला संचच हवा.

मॉफ सध्या विसरा. चिप कारखान्यांत आर्सिन, फॉस्फिन असे विषारी वायू मॉफसारख्या सच्छिद्र पदार्थात शोषवून वातावरणापेक्षा कमी दाबाने सिलिंडरमध्ये ठेवतात. गळती झालीच तर वायू उसळून बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. ते काम वेगळं.

धागाकर्ता
मनापासून आभार. हिरव्यांचं आजच सांगतो. हवेच्या सिलिंडरचा संच वापरायचं प्रशिक्षण रत्नागिरी किंवा कोल्हापूरकडे कोण देतं? सहा-सात कामगार आहेत, सगळ्यांनाच द्यायचं आहे.