बाबांचं ८०८५ चं किट माळ्यावर सापडलंय, एकच आकडा पेटतोय, काय करू?

खारघरवाली:
नमस्कार मंडळी. नौपाड्यातली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर घर रिकामं करायचंय, म्हणून रविवारी आईबाबांना आवराआवरीत मदत करायला गेले तर माळ्यावर जुन्या गोधड्यांच्या खाली लाकडी पेटीत ८०८५ चं किट, म्हणजे ८०८५ हा जुना प्रोसेसर शिकवायचं बोर्ड, निघालं. बाबा पॉलिटेक्निकमध्ये लॅब सांभाळायचे, नवीन किटं आली तेव्हा जुन्यातलं एक त्यांनी रीतसर पैसे भरून घरी आणलेलं. सोबत त्यांच्या अक्षरातली वही, पूर्ण ओपकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या आकड्यांचा, तक्ता हाताने काढलेला. बाबा आता ७४ चे, हल्ली फारसं बोलत नाहीत, पण पेटी उघडली तसे खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि एकेका चिपवर बोट ठेवून नाव सांगायला लागले, ८२७९, ८२५५, हा लॅच, हा एप्रॉम.

तर परिस्थिती अशी. पॉवर सप्लाय हरवलाय, मी भाच्याच्या बेंच सप्लायवरून ५ व्होल्ट दिले. डिस्प्लेवरच्या सहा आकड्यांपैकी डावीकडचा एकच पेटतो, तोही डोळ्यात घुसेल इतका प्रखर, बाकीचे पाच बंद. रीसेट दाबून काही फरक नाही, कुठलंही बटण दाबा काही नाही. बॅटरी आहे तिच्याभोवती निळसर हिरवी पावडर जमलीये. डिप्लोमाला ८०८५ होतं मला पण त्याला वीस वर्षं झाली, आता सगळं सॉफ्टवेअरमध्येच. नवीन प्रोसेसर आणून बसवू का? पैशाचा प्रश्न नाही, मला घर सोडायच्या आधी हे त्यांच्या हाताखाली चालू झालेलं बघायचंय.

नेरुळकर:
लॅमिंग्टन रोडला ८०८५ अजून मिळतो, आणा आणि बदलून टाका. आणि बॅटरीच्या पावडरीवर खायचा सोडा पाण्यात कालवून लावा, इन्व्हर्टरच्या बॅटरीला आम्ही तेच करतो.

कळवेकर:
ताई, आधी पॉवर बंद करा आणि कारण सापडेपर्यंत देऊ नका. या किटात सहाही आकडे एकदम पेटत नसतात, डिस्प्ले आणि बटणं सांभाळणारा ८२७९ एकेकाला पाळीपाळीने पेटवतो, इतक्या भराभर की डोळ्याला सगळे एकत्र दिसतात. पाळी थांबली की सगळा करंट एकाच आकड्यात जातो, म्हणून तो एवढा प्रखर. असाच ठेवला तर सेगमेंट जळतील.

सोड्याबद्दल मात्र नेरुळकर, नाही हो. इन्व्हर्टरमध्ये ॲसिड असतं म्हणून तिथे सोडा चालतो. किटावरची ही ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम, तिच्यातून गळतं ते अल्कली, त्यावर सोडा लावून काय होणार? आधी बॅटरी कापून काढा, हातमोजे घाला, कॅडमियम विषारी आहे, नंतर ई-कचऱ्यातच द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. मग व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून जुन्या टूथब्रशने हलकं घासा, पाण्याने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पंख्याखाली पूर्ण दिवस वाळू द्या. पावडरीखालचा तांब्याचा ट्रॅक खाल्ला गेलाय का ते मल्टीमीटरच्या बीपवर तपासा. ती बॅटरी फक्त रॅममधला प्रोग्राम टिकवायला होती, ती नसली तरी किट चालतं.

वागळे_इस्टेट:
प्रोसेसरला हात लावू नका अजून. मी पंचवीसेक वर्षं रिपेअरिंग करतोय, ८०८५ स्वतःहून मेलेला मी मोजून दोनदा पाहिलाय, बाकी प्रत्येक वेळी आजूबाजूचंच काहीतरी. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत माळ्यावर इतकी वर्षं राहिलेल्या चिपचे पाय काळे पडून ठिसूळ होतात, उपटायला गेलात की एखादा पाय सॉकेटमध्येच राहतो. बाजारात मिळणाऱ्या "नवीन" चिपांमध्ये जुन्या घासून वरून परत छापलेल्याही असतात. बाबांच्या बोर्डवरची अस्सल आहे, ती जपा.

आता पाळी का थांबली ते बघू. ८२७९ ला घड्याळ, म्हणजे कामाची लय देणारे ठोके, मिळतं ८०८५ च्या ३७ नंबरच्या पायावरून. म्हणजे एक तर ते ठोके ठरवणारा क्रिस्टल चालत नाहीये नाहीतर प्रोसेसर कायम रीसेटमध्ये अडकलाय आणि ३ नंबरच्या पायावरून ८२७९ लाही रीसेटमध्येच धरून बसलाय. स्कोप नसेल तरी चालेल, मल्टीमीटर घ्या, काळी प्रोब २० नंबरला, लाल ३६ नंबरला. चिपचा खाचेचा भाग वर धरला तर १ ते २० डावीकडे वरून खाली, २१ ते ४० उजवीकडे खालून वर. ३६ हा रीसेट-इन, तो उलटा चालतो, खाली असेल तर रीसेट. तिथे ५ च्या जवळपास व्होल्ट दिसायला हवेत. मोजायला लागतील तेवढेच सेकंद पॉवर द्या.

माझा संशय सांगतो. त्या पायावर इंटेलच्या डेटाशीटप्रमाणे ७५ किलोओहमचा रेझिस्टर वर ५ व्होल्टला आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खाली ग्राउंडला असतो. चालू केल्यावर कपॅसिटर हळूहळू चार्ज होतो तेवढा वेळ प्रोसेसर रीसेटमध्ये राहतो आणि मग सुटतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की गळायला लागतो. नुसता ४० मायक्रोअँपिअर गळला तरी ७५ किलोओहमवर ३ व्होल्ट पडतात, पायाशी उरतात २, आणि सुटायला लागतात किमान २.४. म्हणजे एवढ्याशा गळतीने पूर्ण किट बंद. तुमच्या बोर्डवर आकडे थोडे वेगळे असतील पण हिशोब हाच.

ऐरोलीचा_विद्यार्थी:
मध्येच विचारतो, सॉरी. आम्हाला व्हायवाला ८०८५ मधल्या ५ चा अर्थ विचारला होता, तो खरंच व्होल्टचा आहे का?

कळवेकर:
हो, तोच सांगतात. १९७४ च्या ८०८० ला +५, −५ आणि +१२ असे तीन सप्लाय लागायचे. १९७६ ला आलेला ८०८५ एकट्या ५ व्होल्टवर चालतो आणि घड्याळाचं सर्किटही त्याच्या आतच, बाहेर फक्त क्रिस्टल लावायचा. म्हणूनच तर शिकवायच्या किटांना इतका सोयीचा पडला. १९९७ ला मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीतही ८०८५ चाच सीमॉस, म्हणजे कमी वीज खाणारा, भाऊ होता, २ मेगाहर्ट्झवर. तुमच्या लॅबमधल्या किटाचं घड्याळ याहून जलद असतं, ३ च्या आसपास.

खारघरवाली:
मोजलं! ३६ नंबरला १.६ व्होल्ट. रीसेटचं बटण नीट आहे ना तेही बघितलं, ते सोडवून ठेवलं तरी १.६ च. बॅटरी कापून काढली, व्हिनेगरने साफ केलं, ट्रॅक सगळे बीप देतायत. कपॅसिटर बाबांनी नुसत्या नजरेने शोधला, छोटा निळा, क्रिस्टलच्या बाजूलाच.

वागळे_इस्टेट:
झालं मग, बदला. १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा घ्या, दोन-पाच रुपयांचं काम. पट्टी असलेली बाजू मायनस, ती ग्राउंडला, उलटा लावू नका. जमलं तर बाकीचेही इलेक्ट्रोलिटिक याच बैठकीत बदलून घ्या.

आणि एक काम मात्र आजच. एप्रॉमच्या, म्हणजे प्रोग्राम साठवलेल्या चिपच्या, काचेवरचा स्टिकर शाबूत आहे ना? नसेल तर काळी टेप लावा. थेट उन्हात आतला प्रोग्राम आठवडाभरात पुसला जातो, ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत. किट चालवणारा मॉनिटर प्रोग्राम त्याच्यातच आहे, तो गेला तर बाकी सगळं ठीक असून उपयोग नाही, आणि तुमच्या किटाच्या त्याच आवृत्तीची कॉपी दुसरीकडे मिळेलच असं धरून चालू नका.

खारघरवाली:
काल संध्याकाळी कपॅसिटर बदलला. सोल्डर मी मारला, बाबांनी बोर्ड धरला, त्यांचा हात थोडा थरथरतो पण बोर्ड अजिबात हलला नाही. पॉवर दिली आणि सहाही आकडे आले, नेहमीच्या उजेडात.

मग मी वहीत बघून प्रोग्राम टाकायला गेले तर त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि २००० या पत्त्यापासून पाठ टाकत गेले, ३ई ०५ ०६ ०४ ८० ३२ ५० २० ७६. मध्ये थांबून मला विचारलं, पत्ता २०५० आहे तर ५० आधी का टाकला? मी म्हटलं खालचा बाइट आधी जातो म्हणून. "हं," म्हणाले आणि पुढे. गो दाबलं, रीसेट मारून २०५० बघितलं, ०९, पाच अधिक चार. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, तिला वाटलं काही पडलं की काय, कारण बाबा मोठ्याने हसले होते.

एप्रॉमचा स्टिकर अर्धा उडालाय, टेप लावली. २७६४ आहे. कुणाकडे वाचायचं मशीन आहे का?

वागळे_इस्टेट:
माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी या वागळे इस्टेटला, मेसेज टाकतो. चिप तुम्ही काढू नका, किट तसंच घेऊन या, मी इथे हळूहळू सैल करून काढतो. दोनदा वाचू, दोन्ही वाचनं ८१९२ च्या ८१९२ बाइट जुळली तरच कॉपी खरी धरायची.

खारघरवाली:
येते. बाबाही येतायत, वहीसकट.