लूक ९:२३ मधलं ‘दररोज’ तुम्ही प्रत्यक्षात कसं जगता?

पहाटदव

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. वाचते बरेच दिवस, लिहिते पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचा सात-आठ जणांचा प्रार्थना गट दर बुधवारी संध्याकाळी जमतो. गेल्या बुधवारी वचन सांगायची पाळी माझी होती. लूक ९:२३ घेतलं. तयारी करताना मत्तय १६:२४ आणि मार्क ८:३४ शेजारी उघडून ठेवले. तिन्ही शुभवर्तमानांत येशूचं बोलणं तेच, स्वतःला नाकारा, वधस्तंभ उचला, माझ्यामागे या. पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकमध्ये आहे. मी त्या एका शब्दावर वीस मिनिटं बोलले. लोक भारावले होते, एका बाईंनी तर जाताना माझे हात धरले.

आता त्याच दुपारचं सांगते. मी एका गोदामात साठ्याच्या नोंदी बघते. सोमवारी ४८ खोकी आली होती, माझ्याकडून ८४ लिहिली गेली. बुधवारी मोजणी झाली, ३६ खोकी कमी भरली. साहेबांनी मोजणी करणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं. तीन महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. “साधं मोजता येत नाही का?” असं पाच मिनिटं चाललं होतं. त्या वेळी सोमवारचं चलन माझ्या हातात होतं. त्यावरचा ४८ चा आकडा मला स्वच्छ दिसत होता. मी चलनाला भोक पाडलं, फायलीत लावलं आणि फाइल बंद केली.

निघताना नोंद गुपचूप दुरुस्त केली. कारणाच्या रकान्यात ‘मोजणीतील चूक’ असं लिहिलं. आणि तिथून थेट प्रार्थनेला गेले.

सकाळी पाऊण तास प्रार्थना केली होती मी. खोटं बोलायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. फाइल बंद करायला फार तर दोन सेकंद लागले असतील. माझा प्रश्न त्या दोन सेकंदांबद्दल आहे. तिथे प्रभूची आठवण राहावी म्हणून तुम्ही नेमकं काय करता? मी स्वतःसाठी काही नियम लिहायला बसले होते, तर गटातली मैत्रीण म्हणाली, असे नियम म्हणजे पुन्हा नियमशास्त्राचं, मोशेच्या जुन्या नियमांचं जोखड, गलतीकरांस ५:१ वाच. वाचलं. पण मग करायचं काय?

जुना_नांगर

ताई, दोन सेकंदांचं नंतर बघू. आधी त्या मुलाचं बघा.

मत्तय ५:२३-२४ तुम्हाला पाठ असेल. अर्पण वेदीपुढे ठेवून द्या आणि आधी भावाशी समेट करा. तिथे एक गोष्ट आपण घाईत वाचतो. तुमच्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं तिथे म्हटलेलं नाही, भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे असं म्हटलंय. म्हणजे तुम्हाला कितीही शांत वाटत असलं तरी उठून जायचं तुम्हीच.

आणि नुसतं ‘चुकलं’ म्हणून भागत नाही. जुन्या करारात गणना ५:७ मध्ये पाप कबूल करून पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. जकातदार जक्कय त्याच्याही पुढे गेला, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन म्हणाला. येशूने त्याच्याकडे आकडा मागितल्याचं लूक १९ मध्ये कुठेही नाही. त्याने तो आपणहून सांगितला.

माझा धंदा गाड्या दुरुस्तीचा होता. एका गिऱ्हाइकाला वापरलेला सुटा भाग नवा म्हणून लावला आणि नव्याचे पैसे घेतले. त्यानंतर सहा वर्षं मी देवाजवळ त्याची क्षमा मागत होतो. रोज. गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे राहत होतं, तिथे गेलो नाही. देवाजवळ मागणं सोपं होतं, कारण तिथे माझं नाव खराब होत नव्हतं. शेवटी गेलो, पैसे दिले, वर थोडे जास्त दिले. त्यांनी पैसे घेतले आणि दार लावलं. पुन्हा गाडी आणली नाही. त्यांचा तो हक्कच होता.

तुमच्या बाबतीत मला तीन कामं दिसतात. साहेबांना सांगायचं ते त्या मुलासमोर, शक्यतो ज्यांनी ते ओरडणं ऐकलं त्यांच्यासमोर. रकान्यातले ते दोन शब्द बदलायचे. आणि त्याच्या नावावर काही शेरा पडला असेल तर तो पुसला जाईपर्यंत मागे लागायचं.

सांजवात

मी कॅथलिक आहे, शब्द थोडे वेगळे वाटतील. वरच्या काकांनी सांगितलं ते आधी कराच. मी दोन सेकंदांबद्दल लिहिते.

संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात आत्मपरीक्षणाची एक अगदी साधी रीत आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. सकाळी उठल्यावर मनाशी ठरवायचं की आज यावर लक्ष ठेवायचं. दुपारी जेवणानंतर मागे वळून बघायचं, रात्री जेवणानंतर पुन्हा. प्रत्येक दिवसाच्या दोन रेषा. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके, दुपारपर्यंतचे वरच्या रेषेवर, रात्रीपर्यंतचे खालच्या. मग कालची रेष आजच्या शेजारी ठेवून बघायची.

आणि एक बारीक गोष्ट आहे, ती तुमच्यासाठी. दोष घडला की त्याच क्षणी हात छातीशी न्यायचा आणि मनात खेद करायचा. चारचौघांतही करता येतं, कोणाच्या लक्षात येत नाही.

माझा दोष समोरच्याचं बोलणं तोडायचा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ११ ठिपके झाले. त्यातले ७ एकट्या आईचे. तिला वर्षभरापासून कमी ऐकू येतं, त्यामुळे ती हळूहळू, शब्द शोधत बोलते आणि तिची वाक्यं मी पूर्ण करते. मला वाटायचं मी तिला मदत करतेय. वही उघडी ठेवून बसले तेव्हा लक्षात आलं, तिने माझ्याशी एखादं वाक्य शेवटापर्यंत बोलून किती महिने झाले असतील.

सुरुवातीला हात छातीशी जायचा तो बोलून झाल्यावर. तीनेक आठवड्यांनी तो वाक्याच्या मध्येच जायला लागला. आता कधी कधी तोंड उघडायच्या आधी जातो. कधी कधीच. पण त्या दिवशी आई तिच्या मावशीची एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलली. मी ती आधी कधीच ऐकली नव्हती.

कळपातलं_मेंढरू

ताईंच्या मैत्रिणीची भीती उडवून लावू नका, एवढंच सांगायला आलो. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, सगळ्या मिळकतीचा दशांश देत होता, तरी देवापुढे नीतिमान ठरला नाही. त्याची वही तर ठिपक्याविना कोरी असती.

मी स्वतः वर्षभर बायबल वाचनाचा तक्ता भिंतीवर लावून खुणा करत होतो. एक दिवस चुकला की घरात सगळ्यांवर चिडायचो. बायकोनेच सांगितलं, तुमचं वाचन राहिलं की आम्हाला भीती वाटते. तक्ता त्याच दिवशी काढला.

पण म्हणून काहीच करू नये असंही नाही. इफिसकरांस २:८-९ मध्ये तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, हे आपण सगळे म्हणतो आणि तिथेच थांबतो. पुढचं दहावं वचन म्हणतं, देवाने सत्कर्मं आधीच तयार करून ठेवली आहेत, आपण त्यांत चालावं म्हणून. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी आपण त्याचे झालो, म्हणून आता चालायचं.

ताई, तुमचे दोन सेकंद वाचून मला येशूचा शिष्य पेत्र आठवला. योहान १८:१८ मध्ये तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता आणि तिथे त्याने प्रभूला नाकारलं. योहान २१:९ मध्ये किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द सगळ्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. या दुसऱ्या विस्तवावर प्रभूने मासळी भाजून ठेवली होती. आधी जेवू घातलं, मग विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तुम्ही साहेबांच्या खोलीत जाल तेव्हा प्रभू तिथे आधीच असेल. घाबरून जाऊ नका.

पहाटदव

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर आलं त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांकडे गेले. त्या मुलालाही बोलावून घेतलं. चलन काढून टेबलावर ठेवलं. “४८ चे ८४ मी लिहिले, रकान्यातली चूकही मीच लिहिली, आणि तुम्ही याला बोलत होतात तेव्हा मला हे माहीत होतं.” शेवटचं वाक्य बोलताना जीभ कोरडी पडली. पण तेच राहून गेलं असतं तर बाकीचं सांगून काही उपयोग नव्हता.

साहेब बराच वेळ चलनाकडे बघत होते. “ठीक आहे, जा,” एवढंच म्हणाले. रकान्यात आता ‘नोंद करणाऱ्याची चूक’ असं आहे.

बाहेर आल्यावर मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, “ताई, मला माहीत होतं. त्या दिवशी चलन तुमच्या हातात बघितलं मी.”

म्हणजे इतके दिवस तो रोज सकाळी हसून “गुड मॉर्निंग, ताई” म्हणत होता ते हे माहीत असताना. का बोलला नाहीस, असं विचारलं. म्हणाला, “मी नवीन. माझं कोण ऐकणार?”

सांजवातताई, वही आणली आहे. दोष एकच लिहिला आहे, गप्प राहणं. काल दोन ठिपके झाले. मेंढरू दादा, वही कपाटात राहील, भिंतीवर लावणार नाही.

त्याच्या नावावर शेरा पडला आहे, तो अजून निघालेला नाही. साहेब म्हणाले वरून मंजुरी लागते. मी अर्ज लिहून दिला आहे, सोमवारी पुन्हा विचारायला जाते.