क्रमवारी लावून भागत नाही

कंपनीने कोणते प्रकल्प हाती घ्यायचे हे ठरवायला नफ्याप्रमाणे प्रकल्पांची यादी लावायची आणि माणसं संपेपर्यंत वरून खाली घेत जायचं, त्याला कॉम्प्युटर कशाला, असं एक मत ऐकू येतं. छोटं उदाहरण घेऊ. हाताशी 10 इंजिनिअर. अ ला 6 जण लागतात, अपेक्षित नफा 9. ब आणि क ला प्रत्येकी 5, नफा प्रत्येकी 7. यादीत अ पहिला, अगदी माणशी नफा काढला तरी पहिलाच. तो घेतला की उरलेले 4 जण बसून राहतात आणि नफा 9 वर अडकतो. ब आणि क घेतले तर 14.

तीन प्रकल्प असताना हे नजरेने दिसतं. 30 असले की घ्या-सोडाच्या शक्यता 107 कोटींच्या वर जातात, आणि त्यात 'ब चा प्लॅटफॉर्म तयार नसेल तर ड नाही' असल्या अटी असतातच. इंटिजर प्रोग्रॅमिंग, म्हणजे अटी पाळून पूर्ण संख्येतलं (इथे घ्या किंवा सोडा) सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं गणित, नेमकं यासाठी आहे. 1960 पासूनची ब्रँच अँड बाउंड पद्धत शक्यतांच्या झाडाच्या निरुपयोगी फांद्या न मोजताच छाटते.

मला मात्र उत्तरापेक्षा आकडे बदलून बघण्यात जास्त रस वाटतो. वरच्याच उदाहरणात अकरावा माणूस आला तर अ आणि ब मिळून 16. पुढे 15 पर्यंत भरती करा, फरक शून्य. सोळाव्याला एकदम 23. भरतीच्या मीटिंगमध्ये हा तक्ता समोर ठेवून बघा!

बाकी 'अपेक्षित नफा' प्रत्येक टीम फुगवूनच देते, त्यावर सॉल्व्हरकडे (हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) इलाज नाही.