डी४ म्हणजे जुनाच ८०२ स्पीकर, फक्त भाव नवा?

बॉवर्स अँड विल्किन्सच्या ८०२ डी४ स्पीकरबद्दल एक मत असं: "पिवळा कोन (आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) काढून रुपेरी लावला आणि भाव वाढवला". ते भावापुरतं पटतं, बाकी नाही. कंपनीने मोठी उलथापालथ आधीच्या पिढीत, २०१५च्या डी३ मध्येच केली. कोनचं पिवळं केव्हलार कापड जाऊन रुपेरी कंटिन्यूअम आलं, कॅबिनेटची गोलाई मागची पुढे आली. २०२१च्या डी४ मध्ये कोन रुपेरीच राहिला, म्हणून बदल डोळ्यांना दिसत नाही. तो कोनच्या मागे आहे. व्हॉइस कॉइलला (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) मध्यावर धरणारी कापडी जाळी, म्हणजे स्पायडर, हलताना स्वतःही थोडा आवाज करते. मिडरेंजमध्ये (मधल्या पट्टीचे स्वर वाजवणाऱ्या भागात) ती काढून आता नुसत्या बारीक सांगाड्यासारखं सस्पेन्शन दिलंय.

मित्राकडे नॉटिलस ८०२, म्हणजे पिवळ्या कोनचा जुना ८०२ आहे, डी४ शोरूममध्ये ऐकला (खोल्या वेगळ्या, तेवढी सूट द्या). ख्याल लावला की फरक तंबोऱ्यात कळतो. जुन्यात जवारी, म्हणजे तारांचा झणकार, गाणाऱ्याच्या आवाजाला चिकटते, नव्यात ती मागे सुटी उभी राहते. डग्ग्याची घुमक मात्र मला जुन्यावरच गोड लागते. आणि अॅम्प्लिफायर तगडा घ्या. डी४ वर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ३ ओहमपर्यंत उतरतो, तिथे किरकोळ अॅम्प माना टाकतात.